बावीस गुट्या

साल नेमकी बोटाच्या एका पेराएवढी काढावी लागते. कमी निघाली तर झाड पंधरा दिवसांत जखम सांधून घेते आणि मुळे फुटत नाहीत. जास्त निघाली तर वरची फांदीच वाळते. लवू परब मुसांड्याच्या झाडाखाली उकिडवा बसून हे मोजमाप नुसत्या नजरेने करीत होता. पेन्सिलीच्या जाडीची फांदी डाव्या चिमटीत धरायची, चाकूने वर एक आणि खाली एक असे दोन गोल छेद द्यायचे, मधली साल अंगठीसारखी सोलायची, आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या लाकडावरचा बुळबुळीत पापुद्रा पात्याच्या पाठीने खरवडून टाकायचा. हे शेवटचे काम आळशी माळी करीत नाही. लवू करीत होता.

शेजारी त्याची बायको रुक्मिणी घमेल्यात शेणखत, कुजलेला पाला आणि लाल माती मळून लाडवाएवढे गोळे करीत होती. तो गोळा सोललेल्या जागेवर दाबून बसवायचा, वरून गोणपाटाचा तुकडा गुंडाळायचा आणि दोन्ही टोके सुतळीने आवळायची, की एक गुटी झाली. लवूने परळच्या गिरणीत एकवीस वर्षे माग चालवले होते. तुटलेला धागा सांधणारी त्याची गाठ डोळ्यांना दिसत नसे. संप होऊन गिरणीचे दार बंद झाल्याला तीन वर्षे झाली होती. गाठ मात्र बोटांत राहिली होती.

"हळू मळ गो. भाकरेचा पीठ नाय ता."

"पीठ बरा. मळल्यावर खाऊक तरी गावता," रुक्मिणी म्हणाली आणि पुढचा गोळा त्याच्या हातावर ठेवला.

मुलुंडच्या पूर्वेकडची ही चार जिन्यांची सोसायटी मिठागरांच्या कडेला उभी होती. जमीन खारवट; उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पापडी धरे आणि बिल्डरने लावलेली शोभेची झाडे पहिल्याच वर्षी जळून गेली होती. उरले ते हे एक मुसांड्याचे झुडूप, तेही कंबरेएवढे, पिवळे पडलेले. लवू येथे माळी म्हणून लागला तेव्हा त्याने त्याच्याभोवतीची खारी माती गुडघाभर खणून काढली, मरोळला राहणाऱ्या आपल्या चुलतभावाच्या ओळखीने आरे कॉलनीतल्या गोठ्यांतून शेणखताची पोती आणली आणि एकेक बादली गोडे पाणी घालून ते झुडूप जगवले. तिसऱ्या वर्षी ते पुरुषभर उंच झाले आणि असे फुलले, की रस्त्यावरची माणसे गेटापाशी थांबू लागली. त्याचा गुलाबी रंग खरे तर फुलाचा नसतो. फूल इवलेसे पिवळे असते आणि त्याच्याखालची पानेच गुलाबी होऊन घोसाने लवतात. ही गोष्ट लवू कोणालाही सांगत नसे. कोणी विचारीत नसे.

विचारले होते ते एकट्या सेक्रेटरींनी, राजाराम गुप्ते यांनी. जून महिन्यात ते याच झाडापाशी उभे राहून म्हणाले होते, "लवू, ह्या एका झाडाची पोरं करता येतील का रे? कंपाउंडला चारी बाजूंनी हाच रंग पाहिजे मला. नर्सरीवाल्याचा भाव ऐकलास तर घाम फुटेल."

"हे बी धरत नाही, साहेब. फांदी मातीत खोचली तर कुजते. गुट्या बांधायला लागतील."

"मग बांध की. झकास कर एकदम. दिवाळीनंतर निवडणूक आहे कमिटीची. त्याआधी लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बावीस गुट्या बांधून झाल्या. पावसाच्या पाण्याने गोणपाट सदा ओले राहिले असते, तर पुढे काही करावेच लागले नसते. परंतु श्रावण लागला आणि पाऊस नाहीसा झाला. सलग बारा दिवस ऊन पडले. गुटीतली माती एकदा सुकली की फुटू पाहणारे मूळ आतल्या आत जळते. लवूचा मामा कुडाळला लिंबांच्या गुट्या बांधताना प्रत्येक गुटीवर पाण्याचे एक मडकुले टांगीत असे. बुडाच्या भोकातून चिंधीची वात काढली, की दिवसभर थेंब थेंब पाणी झिरपत राही. लवूने तेच केले. कुंभाराकडे संक्रांतीची न खपलेली, काठाला टवके उडालेली सुगडे पडून होती. त्यांतली बावीस तो मागून घेऊन आला, आणि रुक्मिणीने आपल्या फाटक्या लुगड्याच्या वाती वळून दिल्या.

ती सुगडे झाडावर टांगली गेल्याला चारच दिवस झाले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभा कर्णिक यांच्या सुनेचे, जयंतीचे, पोट पाचव्या महिन्यात पडले.

रुक्मिणी त्या घरी धुण्याभांड्याला होती. डॉक्टरकडून जयंतीला परत आणले तेव्हा तिला जिन्यावरून धरून वर नेले ते रुक्मिणीने. तिची रक्ताने भरलेली चादर आणि गोधडी मोरीत बसून दोन तास धुतली तीही रुक्मिणीनेच. पाण्याचा लाल रंग जाईपर्यंत तिने सात वेळा बादली बदलली. जयंती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "रुक्मिणीबाई, पंखा बंद करा, थंडी वाजते," एवढेच ती बोलली. रुक्मिणीने पंखा बंद केला आणि तिच्या तळपायांना खोबरेल चोळीत बसली.

रत्नप्रभाबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांच्या नजरेसमोर, बरोबर खाली, ते झाड होते: फांदी-फांदीला बांधलेली गाठोडी, प्रत्येकावर एक सुगड, आणि त्यातून टिपूस टिपूस गळणारे पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणी नेहमीप्रमाणे वर गेली तेव्हा दार लावलेले होते. दाराबाहेर, जिन्याच्या फरशीवर, तिचा कान तुटलेला कप पालथा ठेवला होता.

तिने कडी वाजवली. रत्नप्रभाबाईंनी दार चार बोटे उघडले.

"उद्यापासून येऊ नकोस. आजसुद्धा नको."

"काय चुकला माझा, बाई?"

"मला विचारतेस? सवाष्णींच्या वाणाची सुगडं झाडाला टांगता, बोचकी बांधता, आणि माझ्या घरात पाळणा हलायचा तो थांबतो! नागपंचमीला चाकू लावला होता का गं त्यानं झाडाला?"

"बाई, कलमां ती. झाडाची कलमां."

"मालवणी माणसाची कलमं मला नको शिकवूस. कप घेऊन जा तुझा."

रुक्मिणीने कप उचलला नाही. ती खाली आली, पंपाच्या खोलीला लागून असलेल्या आपल्या खोलीत शिरली आणि कोपऱ्यात उभी राहून पदराने हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. संध्याकाळपर्यंत आणखी दोन घरांनी तिला काम थांबवायला सांगितले. रुक्मिणीची मुलगी शेवंती दहावीत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडून ती रोज इंग्रजीचे गाईड आणीत असे. त्या दिवशी गाईड मिळाले नाही. मैत्रिणीची आई म्हणाली, "तुझ्या हातात नको, बाई."

लवू गुप्त्यांकडे गेला. त्याला आत बोलावण्यात आले नाही. तो उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला आणि गुप्ते आरामखुर्चीत वर्तमानपत्र चाळीत राहिले.

"साहेब, गुट्या बांधायला तुम्ही सांगितलं होतं. तेवढं एकदा कर्णिकबाईंना सांगा."

"हे बघ लवू, मी असल्या गोष्टी मानत नाही. बी.एस्सी. झालोय मी. तू काय करतोयस ते मला नीट कळतं. पण लोकांच्या भावना असतात ना. त्यांच्या घरात दुःख झालंय."

"दुःख झालंय म्हणूनच सांगा, साहेब. त्यांना वाटतंय कुणीतरी मुद्दाम केलं. ते वाटणं तरी जाईल."

"सांगेन ना. वेळ आली की सांगेन."

करणी मानणाऱ्या बाईच्या दुःखाला निदान डोळे तरी नव्हते. गुप्त्यांना डोळे होते, त्यांना दिसत होते, आणि दिसत असूनही ते वर्तमानपत्राचे पान उलटीत होते. या दोघांत अधिक अपराधी कोण, याचा निवाडा करायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

शनिवारी दुपारी गुप्ते स्वतःच पंपाच्या खोलीशी आले. त्यांनी तडजोड काढली होती. ती त्यांनी आवाज खाली आणून, जणू मोठी मेहेरबानी करीत आहोत अशा सुरात सांगितली. रविवारी सकाळी कमिटी खाली बसेल. लवूने सर्वांसमोर नारळ ठेवायचा, त्याच्या गावच्या पद्धतीने गाऱ्हाणे घालायचे, झाले-गेले परत घेतले असे म्हणायचे, आणि ती बोचकी स्वतःच्या हाताने उतरवून टाकायची. नोकरी राहील. खोली राहील.

"म्हणजे मी केलं असं कबूल करायचं?"

"कबूल कसलं रे! एक नारळ फोडायचा. लोकांचं समाधान. मुलगी दहावीत आहे ना तुझी? वर्षाच्या मध्ये कुठे जाशील?"

ते गेल्यावर लवू उंबऱ्यावर बसला. समोर झाडाच्या सावलीत सुगडांतून पाणी टिपकत होते.

"फोडूया एक नारळ," तो म्हणाला. "देवाक म्हायत आसा. मार्चपर्यंत खोली ऱ्हवली म्हणजे झाला. मागे संपाक हट्ट केलो, काय गावला?"

रुक्मिणी चुलीपुढे बसली होती. ती वळली नाही.

"तुमी नारळ फोडलास तर ता पोर आमी मारला असा होतला."

"असा कोण म्हणता?"

"नारळ म्हणतलो. जयंतीचा अंथरूण मी धुलंय. तिच्या पायांक मी तेल लावलंय. उद्या ती पोरगी सपनात बघतली तर माझे हात बघतली. खोलयेसाठी माझे हात देऊ नकात तुमी." तिने चुलीतले लाकूड आत सारले. "शेवंतीक मी चालवत नेयन शाळेत. मरोळासून नेयन."

लवू उठला, बादली घेतली आणि बावीस सुगडे भरून आला.

रविवारी नऊ वाजता इमारतीच्या तळाशी, मोकळ्या खांबांमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. पुरुष खुर्च्यांवर बसले, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. मध्ये पाटावर सोसायटीच्या खर्चाने आणलेला नारळ आणि विड्याची पाने ठेवली होती. लवू धुतलेला सदरा घालून आला. त्याने चपला लांब काढल्या, नारळासमोर उभा राहिला आणि हात जोडले. रुक्मिणी त्याच्यामागे, दोन पावलांवर, पदर खांद्यावरून घेऊन उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा," लवूने सुरुवात केली. त्याचा आवाज मागांच्या खडखडाटावर मात करायला शिकलेला होता. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तेका मी लवू परब हात जोडून सांगतंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रुक्मिणी म्हणाली.

"ह्या झाडाक मी बावीस गुट्यो बांधलंय. कलमां करूक बांधलंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कलमां कर म्हणान माका सेक्रेटरी सायबान, राजाराम गुप्त्यान, जून म्हयन्यात ह्याच झाडाकडे उभ्या ऱ्हवान सांगल्यान म्हाराजा."

"होय महाराजा!" हा आवाज रुक्मिणीचा नव्हता. पहिल्या मजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ, मूळचे वेंगुर्ल्याचे, लहानपणच्या सवयीने बोलून गेले होते. बोलल्यावर ते इकडेतिकडे पाहू लागले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

"कर्णिकांच्या सुनेचा जा काय झाला, ता आमच्या घरातलाच दुख. माझ्या बायलेन तेचा अंथरूण धुल्यान म्हाराजा. ह्यात माझा एक अक्षर खोटा आसात, तर माझे हात झडान पडांदेत. आणि खरा म्हायत आसान जो गप बसलो आसात, तेका बोलाची बुद्धी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सर्वांची तोंडे गुप्त्यांकडे वळली. एक वाक्य पुरे होते. "हो, मीच सांगितले होते," एवढे म्हणायला श्वासही पुरता लागत नाही. गुप्त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसावा तसा तो शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि नारळाकडे पाहत राहिले.

"शाप दिला!" रत्नप्रभाबाई पायरीवरून उठल्या. "उतारा घ्यायला सांगितला तर मेल्यानं सगळ्यांसमोर कमिटीलाच शाप दिला!"

गुप्त्यांना हवे होते ते सापडले. त्यांचा आवाज परत आला. "हे मात्र चालणार नाही, लवू. तुला संधी दिली होती. सोसायटीच्या पदाधिकाऱ्याला धमकी? आठ दिवसांत खोली रिकामी कर."

"धमकी कुठे दिली, साहेब? देवाकडे तुमच्यासाठी बुद्धीच मागितली."

कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच खोकले. नारळ कोणी फोडला नाही. तो पाटावरच राहिला.

झाडावरच्या गुट्याही तशाच राहिल्या. झाडूवाल्याला त्या काढायला सांगितले तर तो म्हणाला, आधी साहेबांनी हात लावावा. दुधवाला वळसा घालून जाऊ लागला. लवू मात्र रोज सकाळी पाणी घालीत राहिला. नोकरी अजून आठ दिवस होती आणि पगार त्या कामाचाच होता.

सातव्या दिवशी भर दुपारी, इमारत जेवून निजली असताना, गुप्ते पुन्हा पंपाच्या खोलीशी आले. आत भांडी पोत्यांत भरून होत आली होती. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. त्यांनी ते उलगडले. रोपे लावायच्या काळ्या पिशव्या होत्या. मोजून आणलेल्या असाव्यात.

"मुळं फुटली असतील ना रे आता?"

"फुटली. गोणपाटातून बाहेर दिसायला लागलीत."

"तेच म्हणतो मी. जाण्याआधी तेवढी उतरवून पिशव्यांत लावून दे. बावीस कलमं वाया जातील. उद्या पहाटे, कोणी उठायच्या आत. मागे गच्चीच्या जिन्याखाली ठेवून दे, महिन्याभरानं मी नर्सरीतून आणली म्हणून लावून घेईन." मग, लवू पिशव्यांना हात लावीत नाही हे पाहून, "तुला चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट देतो. सोसायटीच्या लेटरहेडवर. त्याशिवाय कुठे लागशील माळी म्हणून?"

रुक्मिणीने हातातले पातेले पोत्यात ठेवले.

"साहेब, करणीची मुळां तुमच्या कुंपणाक चालतत?"

गुप्त्यांनी तिच्याकडे न पाहता लवूकडे पाहिले. लवू उठला. सात आठवड्यांची मेहनत होती. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की फुटलेले मूळ त्याने जन्मात कधी वाऱ्यावर टाकले नव्हते.

"उतरवतो, साहेब," तो म्हणाला. "पण पहाटे नाही. सकाळी नऊला, सगळे गॅलरीत असताना. मी कापीन, तुम्ही ओंजळीत घ्यायचं. एकेक करून, बावीस."

"हा काय पोरकटपणा!"

"मग सर्टिफिकेट राहू द्या."

पिशव्या उंबऱ्यापाशी पडल्या होत्या. गुप्त्यांनी त्या गोळा केल्या, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि काखेत धरून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता लवू झाडाखाली उभा राहिला. चाकू उघडा होता. गॅलऱ्या भरल्या होत्या. कोणी केस विंचरीत होते, कोणी कपडे वाळत घालण्याचे निमित्त करून थांबले होते. दुसऱ्या मजल्यावर जयंती खिडकीच्या गजांना धरून उभी होती. मागून सासूचा हात आला आणि ती आत गेली. लवूने जवळची एक गुटी तळहातावर तोलली. गोणपाटाच्या विणीतून दोऱ्यासारखी पांढरी मुळे बाहेर आली होती, टोकाला पाण्याचा थेंब. फांदी खालून कापली, की हे एक स्वतंत्र झाड होते. त्याचा अंगठा पात्यापर्यंत गेला आणि तेथेच थांबला.

"साहेब," त्याने वर पाहून हाक मारली. "मी आलोय."

गुप्त्यांच्या गॅलरीचे दार बंद होते. आत रेडिओ चालू होता. हाकेनंतर तो थोडा मोठा झाला.

गेटाबाहेर हातगाडीवाला खोळंबला होता. त्याने दोनदा ओरडून विचारले, "भाऊ, चलायचं का? ऊन चढलं." लवू साडेनऊपर्यंत उभा राहिला. मग त्याने गुटी हातातून अशी हलकेच सोडली, की फांदीला हिसका बसू नये, चाकू मिटला, आणि गाडीच्या दांड्याला हात लावला. रुक्मिणी मागून गाडी ढकलू लागली. शेवंती शाळेत होती. तिला संध्याकाळी मरोळच्या बसमध्ये कोठे उतरायचे ते कागदावर लिहून दिले होते.

झाडाजवळ त्यानंतर कोणी गेले नाही. सुगडे आठवड्याभरात कोरडी पडली. गुट्यांतली मुळे आश्विनातल्या उन्हात तांबूस झाली, मग काळी. खाली जमिनीतून मीठ पुन्हा वर येऊ लागले आणि ते खरवडून गोडे पाणी घालायला माणूस नव्हता. निवडणुकीत गुप्ते पुन्हा सेक्रेटरी झाले. डिसेंबरच्या सभेच्या इतिवृत्तात त्यांच्याच वळणदार अक्षरात पाचवा ठराव नोंदवलेला आहे: "आवारातील शोभेचे झाड माळ्याच्या निष्काळजीपणामुळे व निगेअभावी वाळले असल्याने ते मुळासकट काढून टाकावे. सूचक : श्री. राजाराम गुप्ते. अनुमोदक : श्रीमती रत्नप्रभा कर्णिक. ठराव एकमताने संमत."